पंपघराच्या भिंतीतली भोकं

माझ्या काकांना सगळे शेजारी 'टापटीप' म्हणत, तेही तोंडावर, आणि काकांना ते मनापासून आवडे. त्यांच्या सफरचंदाच्या बागेत गवताचं पातं औषधालाही सापडायचं नाही. घरी पाहुण्याने चहाचा कप खाली टेकवायचा अवकाश, तो विसळून पालथा झालेला असायचा.

एवढ्या लख्ख बागेत मधमाशी कशाला फिरकेल? तिथे तिला खायला काही नव्हतं. मग बहरात काका स्वतःच माशीचं काम करत. शिडीवर चढून, काठीला बांधलेल्या मऊ ब्रशने या झाडाचे पराग त्या झाडाच्या फुलांना लावत. "माशा हल्ली आळशी झाल्यात," असं वर आम्हालाच ऐकवत.

पंपघराची भिंत जुनी, मातीची होती आणि तिला बारीक बारीक भोकं होती. फळं उतरली की काका तार घेऊन त्या भिंतीच्या मागे लागत. भोकांच्या तोंडावरची माती खरवडत. आतून पिवळी भुकटी निघे, तिला बुरशी म्हणून नावं ठेवत आणि वर फिनेल ओतत.

एका बहरात शिडी घसरली आणि काकांचा गुडघा कायमचा कामातून गेला. शिडी सुटली, खुरपं सुटलं, तारही खुंटीला लागली. शहरात राहणारी त्यांची मुलगी, माझी ताई, धावत आली. "बाबा, पुढच्या वर्षी फळ धरलं नाही तर बाग विकायची आणि तुम्ही दोघांनी माझ्याकडे यायचं," ती म्हणाली. काका हो म्हणाले. त्यांनी वादही घातला नाही, आणि तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली.

वर्षभर बागेने मनमानी केली. झाडांखाली पिवळी, जांभळी रानफुलं गुडघाभर माजली. काकूच्या वाफ्यातला मुळा आणि कोथिंबीर फुलावर गेली, कारण काकू बिचारी काकांच्या औषधपाण्यात अडकलेली. काका खिडकीतून हे सगळं तोंड कडू करून बघत. काकू विचारायची, "अहो, पडदा ओढू का?"

पुन्हा बहर आला तेव्हा काकांनी खुर्ची पंपघरापाशी मांडायला लावली. मी शेजारी बसले. ब्रश त्यांच्या मांडीवर होता, उगीचच. समोरच्या भिंतीत एका भोकावरची माती हलली. आतून कोणीतरी ती कुरतडत होतं. मग एक करडं, केसाळ डोकं बाहेर आलं. माशीने मिशा पुसल्या आणि उडून सरळ सफरचंदाच्या फुलात शिरली.

आम्ही जेवायची वेळ विसरलो. कोणी मुंगीएवढी, हिरवी चमकणारी, थेट जमिनीतून निघत होती. कोणी काळी, गुबगुबीत. यांना पोळं नाही, राणी नाही, प्रत्येकीचा संसार वेगळा. थोड्या वेळाने एक करडी माशी परत आली. तिचं पोट परागांनी पिवळंधमक झालं होतं. ते ओझं घेऊन ती रिकाम्या भोकात शिरली.

काकांनी तो पिवळा रंग लगेच ओळखला.

"ती बुरशी नव्हती," ते म्हणाले. "पिल्लांचा डबा होता."

काकू चहा घेऊन आली. "तुला ठाऊक होतं का गं?" त्यांनी विचारलं.

"मला कुठलं ठाऊक? मी तर भोकं सिमेंटने बुजवा म्हणून तुमचं डोकं खात होते. बरं झालं, माझं कधी ऐकत नाही तुम्ही."

बाग काही लगडली नाही, पण ब्रश न लावता फळ धरलं, अगदी व्यवस्थित धरलं. ताई सामान न्यायला रिकामी खोकी घेऊन आली होती. ती सगळ्या ओळींतून फिरून आली आणि खोकी गाडीतच राहू दिली.

जेवताना आम्ही तिघी बडबडत होतो. काकांचा घास मात्र हातातच होता.

"इतकी वर्षं," ते म्हणाले, "ज्यांचं काम मी शिडीवर चढून करत होतो, त्यांनाच खाली उतरून मारत होतो."

ताईचे डोळे भरून आले, माझेही. काकूने त्यांचं ताट थोडं पुढे सरकवलं.

"जेवा आता," ती म्हणाली. "राग धरला असता तर आल्या असत्या का?"