हिरवं बटण

स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर त्याला ‘सावकाश’ म्हणत. बोलणं सावकाश, जेवण सावकाश, आणि गाडी अशी चालवायचा की मागचे हॉर्न वाजवून वाजवून दमायचे. फक्त एका बाबतीत गडी चपळ होता. फोनवर भाडं वाजलं रे वाजलं, की अंगठा हिरव्या बटणावर. वाचणंबिचणं नंतर. वाचत बसलं की भाडं दुसऱ्याच्या गाडीत जाऊन बसतं, हे आठ वर्षांत अंगठ्याला पक्कं कळलं होतं.

अशातच सरकारने नवा नियम करायचं ठरवलं. ड्रायव्हरला तासामागे ठरावीक रक्कम मिळालीच पाहिजे, आणि दोन भाड्यांमधलं ताटकळणंही त्यात धरायचं. फोनवरून भाडी देणाऱ्या कंपनीच्या पोटात दुखू लागलं. भाडी दुप्पट होतील, असं तिने प्रवाशांना कळवून टाकलं. नियमाच्या बाजूने जो ड्रायव्हर बोलेल त्याचं कंपनीतलं खातं ‘तपासणीसाठी’ बंद होऊ लागलं. स्टँडवर सगळ्यात जास्त वाद घालणाऱ्या ‘वकिला’चं पहिलं गेलं. खातं बंद म्हणजे चूल बंद. सावकाश तेव्हापासून फोन उचलतानाही घाबरायचा. चौपन्नाव्या वर्षी त्याला दुसरं काम कोण देणार होतं?

आणि एका सकाळी फोन वाजला, हिरवं बटण आलं, अंगठ्याने दाबलं. भाडं नव्हतंच. वर लिहिलं होतं, ‘मला हा नियम नको.’

आठवड्याभरात त्याच्या खात्यावरचा हसरा फोटो बसथांब्यांवर झळकला. खाली मोठ्या अक्षरांत, ‘आम्हाला किमान पगार नको, मोकळीक हवी!’

वकील तावातावाने आला. “सावकाश, तूसुद्धा?”

“वाचलं नाही रे! भाडं समजून दाबलं.”

वकील पोट धरून हसला. “या नियमावर सरकारची सुनावणी आहे. तिथे एवढंच सांग.”

“आणि खातं गेलं तर?”

“जाईलच,” वकील म्हणाला. मित्राला धीर देण्याची त्याची ही रीत.

घरी सावकाशने बायकोला सुनावणीचं सांगितलं. बायको म्हणाली, “जाऊ नका, असं मी म्हणू का? म्हणजे उद्या खापर फोडायला मी आहेच.”

“तुला भीती नाही वाटत?”

“वाटते की! पण रोज बसला उभी राहते तेव्हा तुमचा तो फोटो समोर असतो. तो माणूस मला नाही आवडत हो.”

सुनावणीच्या खोलीत नाव पुकारल्यावर तो उभा राहिला. साहेबांनी विचारलं, “नियम नको, हे तुम्हीच कळवलंत?”

“मीच दाबलं साहेब. वाचलं नाही. वाचायला वेळ देतंय कोण? मला नियम हवाय.”

एवढं बोलून तो मटकन खाली बसला. बाहेर कंपनीचा कडक इस्त्रीतला माणूस पुढे आला, त्याचा हात हातात घेऊन म्हणाला, “छान बोललात, काका.” त्याने शिव्या दिल्या असत्या तर सावकाशला बरं वाटलं असतं.

पुढचे दिवस जीव टांगणीला. फोन वाजला तरी धस्स, नाही वाजला तरी धस्स. आणि मग भर दुपारी, मागे एक बाई पिशव्या घेऊन बसलेल्या असताना, चौकात फोनचा पडदा पांढरा झाला. नकाशा गेला, पत्ता गेला, बाईंचं नावही गेलं. ‘आपले खाते बंद करण्यात आले आहे.’

त्याने गाडी कडेला घेतली.

“काय झालं हो?” बाईंनी विचारलं.

“कंपनीने मला काढलं,” तो म्हणाला. “तुम्हाला कुठे जायचंय, ते आता तुम्हीच सांगा.”

बाईंनी रस्ता सांगितला. तो नेहमीसारखाच सावकाश गेला. दारात उतरून त्यांनी पाकीट उघडलं. “माझ्याही फोनवर आता काही दिसत नाही. किती झाले?”

सावकाशला रक्कम नेहमी फोनच सांगायचा. आठ वर्षांत आपल्या कामाचा आकडा त्याने स्वतः कधी सांगितलाच नव्हता. अजून लागूही न झालेल्या नियमाने किती होतील, ते त्याने मनात जुळवलं. फार वाटले. बाई आता भांडणार, या भीतीने त्याने खाली बघतच रक्कम सांगितली.

“एवढेच?” असं म्हणून बाईंनी पैसे त्याच्या हातावर ठेवले.