अँडीजमधल्या गावाची सावड

पेरू देशात अँडीजच्या डोंगरात एक छोटं गाव आहे. मी तिथे गेलेली नाही, बहुतेक जाणारही नाही. पण त्या गावाविषयी मी जेवढं वाचलंय, तेवढं आमच्या सांगोल्याकडच्या गावाविषयी कुणी लिहिलेलंच मला सापडलं नाही. तिथे झाडं कमी. माणसं मेंढरं आणि लामा पाळतात, आणि कळपामागून चालता चालता हातातल्या चातीवर लोकर कातत जातात. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरांमागं असेच कातत जायचे.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला सरांनी प्रत्येकाला लांबच्या एका गावावर बोलायला सांगितलं होतं. मी आणि वसतिगृहातल्या माझ्या खोलीतली मैत्रीण, दोघींनी मिळून हे गाव घेतलं. ती मंद्रूपची, शेतकऱ्याचीच मुलगी. गावाचा इतिहास तिच्याकडे, पहिल्या सोमवारी. रोजचं जगणं माझ्याकडे, पुढच्या सोमवारी. घरच्यांना आणलं तरी चालेल, असं सर म्हणाले होते. आमच्या घरात कॉलेजला आलेली मी पहिली, आणि चार माणसांपुढे उभी राहून मी कधी बोलले नव्हते. आबा ऐकायला येणार होते.

पुस्तकं सगळी इंग्रजीत. मला शब्दकोश घेऊन बसायचा कंटाळा येत नाही, पण कॉम्प्युटर जमत नाही. तिचं उलट. तेव्हा मीच म्हणाले, "आपण सावड करू."

सावड म्हणजे आज सगळ्यांनी तुझ्या रानात खुरपायचं, उद्या माझ्या. ज्याचं रान आधी कामाला येईल त्याचं आधी. हे कुणी लिहून ठेवत नाही, कुणी आठवणही करून देत नाही.

"आमच्याकडं बी सावडच म्हणत्यात की," ती हसून म्हणाली. मला तेवढं पुरलं.

आधी तिचं रान. दुपारी ग्रंथालयात मी वाचून मराठीत सांगायची, ती चित्रं जमवायची. स्पॅनिश लोक आले, त्यांनी जुन्या भिंती पाडून त्याच दगडांचं चर्च बांधलं. गावातल्या पुरुषांना पाळीपाळीने चांदीच्या खाणीत न्यायचे, पुष्कळ जण परत आले नाहीत. मग जमीनदार आले. फार उशिरा जमिनी लोकांना परत मिळाल्या, आणि तोवर तरुण पोरं समुद्राकाठच्या शहरात जायला लागली होती.

सांगताना माझा भागही मधेच तोंडातून निघायचा. बटाटे रात्री उघड्यावर थंडीत गोठवायचे, सकाळी पायांनी तुडवायचे आणि वाळवून वर्षानुवर्षं ठेवायचे. रविवारचा बाजार. आणि सगळ्यात मला आवडलेलं म्हणजे घराचं छप्पर घालायचा दिवस. त्या दिवशी सगळं गाव येतं, गवत वर चढवतं, घरवाला जेवण आणि मक्याची दारू देतो. पुढे दुसऱ्याचं छप्पर असलं की त्यानं जायचं.

आमची सावड ठरल्याचं आणि हे छपराचं मी फोनवर आबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "लांबचं गाव म्हणतीस, हितलंच वाटतंय की. ज्यानं छपराला हात लावला, त्यो पावसात आठवतुया बग."

याच वाक्यानं मी सुरुवात करणार होते. खोली झाडताना तिला तसं सांगितलंही.

त्या सोमवारी ती छान बोलली. चर्च झालं, खाण झाली. मी पुढच्या बाकावर बसून तिच्याबरोबर ओठ हलवत होते. मग पडद्यावर बटाटे आले. मला वाटलं, नुसते दाखवतेय. मग बाजार आला. मग छप्पर. शेवटी ती म्हणाली, "आमच्याकडची जुनी माणसं सांगतात, ज्यानं छपराला हात लावला, तो पावसात आठवतो."

टाळ्या पडल्या. सर खूश झाले. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचंही यात आलंच की. पुढचा सोमवार दुसऱ्या गटाला देऊ."

मी "हो सर" म्हणाले. 

जिन्यात ती म्हणाली, "अगं, वेळ उरला होता. सुचलं ते बोलले."

"चित्रं आधीच लावली होतीस."

ती पायऱ्या उतरायला लागली. मग म्हणाली, "तू बोलली असतीस का एवढ्या लोकांत? तुझंच काम पोचलं की सगळ्यांपर्यंत."

तिला खरंच तसं वाटलं असेल का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. ठरवायला गेलं की ती लावून ठेवलेली चित्रं आठवतात.

दुसऱ्या दिवशी आबांचा फोन आला. "सोमवारी कुटल्या गाडीनं येऊ?"

"येऊ नका आबा. कार्यक्रम झाला."

"झाला? बोललीस तू?"

"मैत्रीण बोलली."

"आन माजं त्ये छपराचं?"

"सांगितलं तिनं. टाळ्या पडल्या."

ते हसले. आईला ओरडून सांगितलेलं मला ऐकू आलं. मग आवाज खाली आला. "आन तुजी सावड?"

 मग तेच म्हणाले, "मेंढरं बांधावर चाललीत बाय, ठिवतो."

त्यानंतर मी ते पुस्तक पूर्ण वाचलं. छपराच्या दिवशी जो येत नाही त्याचं काय होतं, ते पुढच्या प्रकरणात आहे. त्याच्याशी कुणी भांडत नाही. बाजारात त्याच्याशी बोलतात, दारात आला तर बसवतात. फक्त त्याच्या छपराच्या दिवशी कुणी जात नाही. हे मी मैत्रिणीला सांगितलेलं नव्हतं, म्हणून तेवढं तिच्या बोलण्यात आलं नाही.

परीक्षेआधी ती एक जाड इंग्रजी पुस्तक घेऊन माझ्या पलंगावर येऊन बसली. "हे जरा बघतेस का गं?"

"नाही."

"रागावलीस अजून?"

"नाही गं," मी म्हणाले, आणि जेवायला जाताना तिचंही ताट धुऊन घेतलं. शब्दकोश मात्र पेटीतून बाहेर काढला नाही.