डावा हात

नंदुरबारहून सुटलेल्या पॅसेंजरमध्ये समोरच्या बाकावरचा तो माणूस काही केल्या स्वस्थ बसेना. खिडकी वर करायचा, खाली करायचा, दारापर्यंत जाऊन परत यायचा. शेवटी मीच वैतागून विचारलं, "काका, काही हरवलंय का?"

तो सांगू लागला. नंदुरबारला झालेल्या रोलर स्केटिंगच्या स्पर्धेत तो परीक्षक होता. पायात चाकांचे बूट घालून गाण्यावर गिरक्या घेत नाचायचं, आणि परीक्षकांनी गुण द्यायचे. "पहिली पोर सगळ्यास्मा चांगली फिरनी," तो म्हणाला. "पन पहिलीलेच पुरा मार्क दिधात, आनि मांगून तिन्हापेक्षा चांगली उनी, तं तिले काय देसू? मी हात राखी लिधा. मंग तशी कोनी उनीच नही."

मागून तिच्यापेक्षा चांगली कुणी आलीच नाही, आणि त्या पोरीचा नंबर हुकला.

तेवढ्यात गळ्यात स्केट अडकवलेली एक मुलगी आमच्या बाकाशी आली. त्याचा चेहरा उतरला तेव्हाच मला कळलं, ही तीच.

"सर, मन्हं काय चुकनं?"

त्याचा हलणारा गुडघा थांबला. मला वाटलं, आता खरं सांगेल.

"गिरकीमा तुन्हा डावा हात जरासा खाले उना."

मुलीने मान डोलावली. बाकांमधल्या वाटेत उभी राहून, हलत्या गाडीत तोल सांभाळत ती डावा हात वर धरू लागली. तो पुन्हा खिडकीशी झटापट करत बसला.

खांडबारा स्टेशन जवळ आलं तेव्हा तिने विचारलं, "आते बराबर शे का, सर?"

तिच्याकडे न बघताच तो म्हणाला, "आखो जरासा वर."

तिचा हात भरून आला होता. तरी तिने तो आणखी वर नेला.