व्हर्नाच्या टेबलावरचं बदक

व्हर्ना हाउगनच्या टेबलाकडे लोक यायचे. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिनं मिळवलेलं खरं म्हणाल तर एवढंच.

अमेरिकेत, समुद्राएवढ्या तळ्याकाठी असलेल्या डुलूथच्या बंदरात लागणाऱ्या जहाजांवर माल कसा भरायचा, याचा हिशेब करणारा प्रोग्राम त्यांचं ऑफिस बनवायचं. लिहिणारे सातआठ जण होते. पण सगळ्यांचे तुकडे जोडून एक चालता प्रोग्राम करायचा, तर कुठला तुकडा आधी, कुठला नंतर, बाहेरच्यांनी लिहिलेली कुठली तयार प्रोग्राम-सामग्री कोणत्या आवृत्तीची, हे संगणकाला एका फाइलमध्ये लिहून द्यावं लागे. या जोडकामाला ते बिल्ड म्हणत आणि त्या फाइलला म्हणत ‘व्हर्नाची फाइल’.

फाइल भयंकर लांब होती. प्रत्येक गोष्ट तिचं नाव घेऊन उघडायची आणि तेच नाव घेऊन बंद करायची, अशी तिची रीत. साधं ‘हे घे’ म्हणायला सहासात ओळी. नवीन काही हवं असलं की लोक वरचाच एखादा तुकडा उचलून खाली चिकटवत, नावं बदलत, आणि एकदा चाललं की पुन्हा तिकडे बघत नसत. त्यातलं काही काढून टाकायची मात्र कुणाची छाती होत नसे.

“जानेवारीत पोराला शाळेत पाठवण्यासारखं आहे हे,” ड्वेन म्हणायचा. तो सगळ्यात जुना, व्हर्नाच्या शेजारचा. “दोन पायऱ्या उतरून बसमध्ये बसायचंय, पण आधी अर्धा तास स्वेटर, कोट, बूट, टोपी! आणि सगळं चढवून झालं की पोरगं म्हणतं, शू लागली.”

असं म्हणून तो तिच्याच टेबलाशी यायचा. “व्हर्ना, वाचव गं. तुझी फाइल मला खायला उठलीय.”

“आता काय केलंस तिला?” व्हर्ना कपाळाला आठ्या घालून विचारायची आणि आल्याच्या बिस्किटांचा डबा पुढे सरकवायची. फाइलला ती स्वतःही शिव्या घालायची, पण आई आपल्या व्रात्य पोराला घालते तशा. दुसऱ्यानं घातल्या की तिला टोचायचं.

बिल्ड मोडलं की बदक यायचं. खऱ्या बदकांना भुलवायला शिकारी लोक तळ्यात सोडतात तसलं प्लास्टिकचं, मानेवरचा रंग उडालेलं. ज्याच्या चुकीनं मोडलं त्याच्या टेबलावर ते बसायचं, पुढचा कुणी चुकेपर्यंत. व्हर्नाकडे ते कधी आल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

मग नोव्हेंबरात जोसी कांगास आली. जवळच्या हिबिंग गावची, व्हर्नाच्या मुलीच्या वयाची. तळ्यावरून बोचरा वारा सुटलेला असताना ही बिनटोपीची, कान लालबुंद, हसत आत येई. व्हर्नाच्या अगदी ओठांवर यायचं, ‘अगं, टोपी घाल.’ पण ती गिळून टाकायची. जोसी रोज जेवताना आईशी फोनवर बोलायची, सूप सांडलं तेसुद्धा सांगायची. व्हर्नाची मुलगी सोल्वेग दूर ॲरिझोनात होती आणि आठवड्यातून एकदा फोनवर अंगठ्याचं चित्र पाठवायची.

एका मीटिंगमध्ये जोसी म्हणाली, “बिल्डसाठी आता नवं साधन निघालंय. मी करून बघू?”

“बघ की,” गार्थ म्हणाला. तो त्यांचा साहेब. त्यानं व्हर्नाकडे पाहिलंसुद्धा नाही.

जोसीनं केलेली फाइल एका पडद्यावर मावली. गार्थनं खाली सरकवायला बोट फिरवलं, तर खाली काहीच नव्हतं. “संपली?” तो म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ड्वेननं ती छापून घेतली आणि ऑफिसच्या फ्रिजवर चुंबकानं लावली, घरी लेकरांची चित्रं लावतात तशी.

व्हर्ना सूप गरम करताना रोज ती वाचायची. एखादी चूक सापडावी म्हणून वाचायची. सापडायची नाही, आणि सूप कडू लागायचं.

सगळ्यात वाईट म्हणजे टेबलाकडे कुणी येईना. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. डब्यातली बिस्किटं मऊ पडली. पलीकडे जोसीच्या खुर्चीभोवती कोंडाळं असायचं, हशा ऐकू यायचा, आणि व्हर्ना कान तिकडे लावून उगाच कीबोर्ड बडवत बसायची.

एकच आशा होती. जुन्या फाइलच्या अगदी वर, तारखांचा हिशेब करणाऱ्या सामग्रीची एक जुनी आवृत्तीच वापर, असं बजावणारा तुकडा होता. त्यावर तिनं स्वतः लिहून ठेवलं होतं, ‘हात लावू नका.’ जोसीनं तो घेतलाच नव्हता. व्हर्नाच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं आणि ती गप्प बसली होती. मोडू दे. बसू दे बदक तिच्या टेबलावर. तिच्या आईलाही कळू दे फोनवर.

नवी फाइल लागू झाली. व्हर्ना त्या दिवशी छान स्वेटर घालून आली होती. बिल्ड झालं. दुसऱ्या दिवशीही झालं. सगळा आठवडा बदक ड्वेनकडेच बसून राहिलं.

आता तिच्यानं राहवेना. मोडत नाही म्हणजे तो तुकडा, म्हणजे आपण, कशालाच लागत नव्हतो की काय? संध्याकाळी सगळे पांगल्यावर तिनं जोसीची फाइल उघडली आणि आपला तुकडा नव्या रीतीनं, एका ओळीत, आत घातला. सुरक्षितता म्हणून, असं तिनं मनाला सांगितलं. आपल्या यंत्रावर एकदा चालवून बघायला हवं होतं. इतरांना ती हेच रोज सांगायची. पण बाहेर बर्फ सुरू झालं होतं, गाडी गारठत होती, आणि आपली ओळ चुकेल हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

सकाळी तिच्या टेबलावर बदक होतं.

“अरे बापरे!” ड्वेन ओरडला. “पक्षी शेवटी व्हर्नाच्या घरट्यात!”

सगळे जमले. गार्थसुद्धा कॉफी घेऊन आला. जोसी व्हर्नाच्या खुर्चीशी वाकून पडद्याकडे बघत होती.

“ही ओळ कशासाठी होती गं?” तिनं विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, हे व्हर्नाला जास्त लागलं.

“ती हवीच,” व्हर्ना म्हणाली. “ती नसेल तर...” आणि पुढे तिला काही आठवेना.

जोसीनं जुनी फाइल उघडली आणि खाली, खाली, खूप खाली सरकत गेली. तिथे व्हर्नानंच कधीतरी चिकटवलेला दुसरा तुकडा होता, नव्या आवृत्तीचा. दोन सापडले की संगणक खालचा मानायचा. वरचा, ‘हात लावू नका’वाला, कितीतरी वर्षं नुसता बसून होता. जोसीच्या छोट्या फाइलमध्ये त्याला अडवणारं कुणी नव्हतं, म्हणून तो पहिल्यांदाच कामाला लागला आणि सगळं घेऊन पडला.

“म्हणजे इतकी वर्षं आपण त्याला नमस्कार करून पुढे जात होतो?” ड्वेन पोट धरून हसला. “मी तर एकदा चुकून धक्का लागला म्हणून माफी मागितली होती!”

व्हर्नाचे कान तापले. ती हसली, कारण न हसणं आणखी वाईट दिसलं असतं. जोसीनं ती ओळ काढली, बिल्ड झालं, माणसं पांगली. जोसी मात्र तिथेच उभी राहून बदकाच्या चोचीवरून बोट फिरवत होती.

“मला हे कधी मिळणार कोण जाणे,” ती म्हणाली.

“तुला हवंय?”

“ड्वेन म्हणतो, बदक बसल्याशिवाय माणूस इथला होत नाही. मी भीतीनं सगळं दहादा तपासते. माझ्याकडे येतात ते फाइलचं विचारतात आणि जातात. तुझ्याकडे आले की बिस्किटं खात बसायचे. मी आल्यापासून बघतेय.” तिचा चेहरा उतरला. “आणि आता तुझ्याकडे बदकपण.”

व्हर्नानं तिच्याकडे नीट पाहिलं. हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. सूप गरम करताना फ्रिजच्या चकचकीत दारात तिनं तो रोज पाहिला होता. आतून काहीतरी ऊबदार वर आलं, आणि ते चांगुलपणाचं नव्हतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“मग मोड की एकदा काहीतरी,” ती म्हणाली.

“मोडत नाही ना माझं!”

ही मुलगी! व्हर्नानं बिस्किटांचा डबा पुढे केला. “मऊ झालीत. घे. आणि उद्या टोपी घालून ये, कान गळून पडतील.”

जोसी दोन बिस्किटं घेऊन आपल्या जागी गेली. व्हर्नानं बदक उचललं, बाहीनं पुसलं, आणि जोसीला तिच्या खुर्चीतून समोरच दिसेल असं वळवून ठेवलं.