सुमनचा हात

माझे मालक वारले, त्यांनासुद्धा हे कधी मालूम झालं नाही. लेकींना तर नाहीच. त्यांना आई म्हणजे बालवाडीची बाई — जिनं उकळत्या लापशीतून पोर ओढून काढली. आल्या-गेल्याला अजून ही गोष्ट सांगतात. मी आपली चहा गाळत मान खाली घालून ऐकते. आज तुमच्यापुढं बोलते आहे — का, ते विचारू नका, निघतंय तोवर ऐका.

बोरीकडचं गाव आमचं. दुष्काळ सरल्यावरची वर्षं. ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत बालवाडी आली. नियम साधा होता. पोरांपाशी सातवी पास, प्रशिक्षण झालेली बाई. आणि लापशी रांधायला, झाडलोट करायला, पोरं घरून आणायला एक मदतनीस. बाई मी झाले. मदतनीस सुमन — बौद्ध वस्तीतली, नवऱ्यानं टाकलेली, पदरात एक लेक. त्या नोकरीवर तिची चूल पेटायची. सातवी पास तीही होती, बरं का! पण प्रशिक्षणाला गावातून एकच जागा होती, आणि ती कुणाच्या घरात जाणार हे काय सांगायला पाहिजे?

प्रशिक्षणात एक गोष्ट आमच्याकडून घोकून घेतली होती — शिकलेल्या बाईनं पोरांवरची नजर काढायची नाही. चुलीकडं मदतनीस, पोरांकडं बाई. आमच्याकडं सगळं उलटं. चुलीपाशी मी आणि पोरांत सुमन. कारण तिच्या हातची लापशी गावातली पोरं कशी खाणार? आणि पोरांत बसली तरी शिवायचं नाही. गाणी म्हण, टाळ्या वाजव, गोष्ट सांग — हात लावू नको. कुणाचं नाक पुसायचं असलं तर मला हाक मार. गावाची रीत होती, मी एकटी काय करणार होते?

पोरं घरून आणताना सुमन मागं चालायची, पोरं एकमेकांचा सदरा धरून पुढं. कुणी वाट सोडली की लांबूनच हाका मारायची. फक्त छबी ऐकायची नाही. एका लहान शेतकऱ्याची पोर, नुकती नीट बोलायला लागलेली, लय द्वाड. सरळ सुमनच्या मांडीत जाऊन बसायची. मी चुलीपासून डोळे वटारले की सुमन दोन्ही हात वर करायची — बघा बाई, मी शिवले नाही. छबीला तो खेळ वाटायचा. तीही हात वर करून हसायची.

त्या दिवशी लापशीचं पातेलं मी उतरवलं आणि निवायला उंबऱ्याशी ठेवलं. पोरांच्या वाटेत गरम भांडं ठेवू नये, हेही मला शिकवलेलं होतं. शेजारीण आली होती, चुलीपाशी तिच्याशी बोलण्यात मी दंग. छबी उठली आणि पातेल्याकडं पळाली. सुमन तिच्या अगदी जवळ बसलेली. "बाई! बाई!" म्हणून ती किंचाळली.

मी धावले तेव्हा पोर पातेल्यात पालथी झाली होती. मीच ओढून काढली, तेवढं खरं आहे. जीव वाचला. उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली ती कायमची.

पुढं परभणीहून चौकशीला एक बाईसाहेब आल्या. खोलीत छबीची आई, सरपंच, मी आणि दाराशी सुमन. तू पोरीला का धरलं नाहीस, असं त्यांनी सुमनला विचारलं. सुमन म्हणाली, "बाईंनीच सांगितलं व्हतं, लेकरांना हात लावायचा न्हाई."

तेवढ्यात छबीची आई रडतच तिच्यावर ओरडली, "अगं, कुणी म्हणलं व्हतं तुला? धरायची की गं! धरली असतीस तर आमी काय तुला खाल्लं असतं?"

आता सांगून टाकते — छबीची आई खरं बोलत होती. गावानं मला तसं काही सांगितलं नव्हतं. रीत, रीत म्हणून मी आजवर सांगत आले, आत्ता तुम्हालाही सांगितलं. पण ना सरपंच बोलला होता, ना कुणाची आई. कुणी हरकत घेतली तर आपली जागा जाईल, ही फिकीर माझी. आणि त्याहून खरं सांगू? तिच्या हातची लापशी मलाच नको होती. मी कुणाला विचारलंसुद्धा नाही.

बाईसाहेब माझ्याकडं वळल्या. तुम्ही असं सांगितलं होतं का?

मी म्हणाले, नाही.

एवढ्यावर भागलं नाही माझं. वर आणखी म्हणाले, तिचं प्रशिक्षण झालेलं नाही, तिला काय कळतंय?

सुमनला काढलं. गावानं तिच्या तोंडावर तिला नाही नाही ते म्हटलं. तिनंच पोर ढकलली, इथपर्यंत बोलणं गेलं, आणि मी तेही ऐकून घेतलं. लेकीला घेऊन ती कुठं गेली, मी विचारलं नाही. नवीन मदतनीस आमच्याच आळीतली आली. दुसऱ्या दिवसापासून ती चुलीपाशी आणि मी पोरांत, अगदी नियमाप्रमाणं. किती सोपं होतं ते! मी मेले असते तर बरं, असं वाटलं तेव्हा. पण मेले नाही, नोकरी केली.

छबी आता लेकुरवाळी आहे. माहेरी आली की भेटते, त्या चिकटलेल्या बोटांनी पाया पडते. "बाई, तुमी व्हता म्हणून मी हाय," म्हणते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवते.

एक राहिलं. सुमन नुसती किंचाळली, असं मी मघाशी म्हणाले. त्याआधी तिचा हात पुढं गेला होता. छबीच्या झग्यापर्यंत पोचला होता, बोटं मिटायचीच बाकी होती. मग तिनं चुलीकडं, माझ्याकडं बघितलं — आणि दोन्ही हात वर केले. मी शेजारणीशी बोलत होते खरी, पण हे मी बघितलं.