ताईचं कुंकू आणि काळी खिडकी

जगात ज्या ज्या वस्तूला रंग आहे, ती देवाने आमच्या भाऊजींच्या संगणकासाठीच घडवली, असं निदान भाऊजींचं तरी ठाम मत होतं. आमगावात स्टेशनच्या वाटेवर, घराच्याच पुढच्या खोलीत त्यांचा कॉम्प्युटर क्लास. पोरं माऊसने चित्रांवर टिचक्या मारायला शिकत आणि भाऊजी कोपऱ्यात एका काळ्या खिडकीसमोर बसत. त्या खिडकीत नुसती अक्षरं टाइप करून यंत्राला हुकूम सोडायचे. अक्षरांना सोळा रंग, आणि त्यातला प्रत्येक रंग तीन आकडे हलवून हवा तसा करता येतो, हे कळलं त्या दिवसापासून माणूस कामातून गेला. आयता रंग त्यांना चालेना. "हा कोनाचा हिरवा आहे? कोनाचाच नाही!" असं म्हणत ते गावाजवळच्या कालव्याखालच्या एका बांधीतून, म्हणजे भातखाचरातून, धानाचं पातं खुडून आणत, पडद्याला चिकटवून धरत आणि पातं दिसेनासं होईपर्यंत आकडे हलवत बसत.

मीही एकदा हौसेने हात घातला आणि अक्षरंही खिडकीसारखीच काळी करून ठेवली. यंत्र मेलं म्हणून बोंब ठोकली, वायर उपटली, वर ताईकडून लिंबू-मिरची मागवली. भाऊजी शांतपणे म्हणाले, "काऊन बोंबलतं बे साळ्या? अक्षरं आहेत तिथंच. तुले दिसून नाही राहिले, येवढंच."

गंमत इथवरच. कारण रंग हुबेहूब जुळला की बाहेर काहीतरी फिकं पडे. धानाचा हिरवा जुळला आणि ती अख्खी बांधी पांढुरकी होत गेली. मालक दारात येऊन हात जोडून म्हणाला, "सर, माह्या बांधीचा हिरवा वापस करून द्या ना जी." मी हसून हसून लोळलो. मग भाऊजींनी तळ्यावरच्या खंड्याचा निळा घेतला. तो खंड्या पुन्हा कुणाला दिसला नाही. तेव्हापासून मी हसणं जरा कमी केलं, आणि भाऊजींसमोर माझा लाडका जांभळा शर्ट घालणं साफ बंद केलं.

राहिला लाल. हुकूम चुकला की यंत्र लाल ओळीत उत्तर देई, आणि त्या ओळीसाठी भाऊजींना हवा होता ताईच्या कुंकवाचा लाल. ताई पदर कपाळावर ओढून म्हणे, "मी नाही देत. गोंदियाच्या डॉक्टरनं सांगतलं, तुमचं काळीज अर्धंच चालून राहिलं. अन् तुमी माह्या कुंकवावर डोळा ठेवता?" त्या खोलीत ती कपाळ झाकल्याशिवाय शिरत नसे.

मग एकदा भाऊजी दवाखान्यातून परतले ते भिंत धरून. मागितलं काहीच नाही. फक्त त्या आयत्या लालाकडे बघत बसून राहिले. दुपारी ताई आपणहून आली, पदर मागे सारला आणि डोकं पडद्याला टेकवून बसली. "घ्या. लवकर करा, भात करपून राहिला." भाऊजी आकडे हलवत गेले. शेवटी कुंकू कुठे संपतं आणि पडदा कुठे सुरू होतो, ते मला कळेना.

पुढे ताई रोज करंडा उन्हात नेऊन बघे. "फिकं दिसून राहिलं का रे?" मी नाही म्हणे. थंडी सरता सरता भाऊजी गेले.

यंत्र माझ्याकडे आलं. कित्येक महिन्यांनी ताई आली, मोकळ्या कपाळाची, आणि स्टूल ओढून शेजारी बसली. पडद्याकडे बघत हळूच म्हणाली, "काही चुकव ना रे."

जन्मभर कुणी न मागता चुका केल्या, आणि त्या दिवशी बोटं ऐकेनात! वेडंवाकडं काही लिहावं म्हटलं, तर टाइप झाला तो तारीख विचारणारा, तोंडपाठ झालेला साधा हुकूम. अक्षर न् अक्षर तपासलं. बरोबर होतं. ओशाळून बटण दाबलं.

ओळ लाल आली.

मी घाईघाईने चूक शोधू लागलो. ताईने माझा हात धरला. "राहू दे. दुरुस्त नको करू."

मी केली नाही. आयुष्यात तेवढी एकच चूक माझी नव्हती.