दादाने आत्याचं घर उडवलं

मंडळी, आज फिल्मचा रोल धुऊन आला आणि आमच्या दादाची अक्कल दिसली.

आत्या रिटायर झाली, थाटीपुरचं सरकारी क्वार्टर सुटलं. सोडण्याआधी तिला जुन्या दोन लेन्सच्या थ्रीडी कॅमेऱ्यात घरासकट फोटो हवा होता. दादा म्हणजे शादियों का फोटोग्राफर! "बॅकग्राउंड उडवतो," म्हणत अपर्चर फुल खोललं. अबे, मागचं धूसर झालं तर थ्रीडीत दिसणार काय?

दुसऱ्या फोटोआधी तो केस विंचरत होता. मी गुपचूप अपर्चरची रिंग सोळावर नेली, म्हणजे मागचंही साफ येतं, आणि उजेड पुरावा म्हणून शटर हळू केलं.

आज आत्याने व्ह्यूअरला डोळे लावले. पहिल्यात घराच्या जागी धुकं. दुसऱ्यात गेट, तुळस, नावाची पाटी, सगळं साफ. रडलीच.

"देखा? हात है अपना!" दादा म्हणाला.

आत्या मला म्हणते, "शिक जरा ह्याच्याकडून."

सांगा, काय शिकू? केस विंचरायला?